जिल्बेर्तो जिल: अकॉर्डियनवाला पोरगा आणि त्याची साठ वर्षं

सांजवारा

नमस्कार मंडळी,

लिहीन लिहीन म्हणता दोन वर्षं गेली. इथे पाश्चात्त्य संगीतावर धागे भरपूर आहेत, पण ब्राझीलच्या जिल्बेर्तो जिलच्या नावाचा एकही सापडला नाही, म्हणून हा काढते आहे.

मी भजनी मंडळात पेटी वाजवते. त्यामुळे असेल, पण हा माणूस मला त्याच्या गिटारीपेक्षा अकॉर्डियनवरून जास्त कळला. जन्म २६ जून १९४२, बाहिया राज्यातलं साल्वादोर शहर. वडील डॉक्टर, आई शिक्षिका. लहानपण मात्र आतल्या कोरड्या मुलखात, इतुआसू नावाच्या छोट्या गावात गेलं. तिथे रेडिओवर लुईझ गोन्झागा लागायचा. कातड्याची टोपी, गळ्यात अकॉर्डियन, साथीला मोठा ढोल आणि लोखंडी त्रिकोण. ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी भागाचं सगळं सुखदुःख या माणसाच्या गळ्यात होतं. त्या संगीताला बायांव म्हणतात. ते ऐकून पोराने अकॉर्डियनचा ध्यास घेतला आणि आईने ते घेऊन दिलं. पुढे पन्नासच्या दशकाच्या शेवटी रेडिओवरच जुआंव जिल्बेर्तोची बोसा नोव्हाची, म्हणजे सांब्यातून निघालेल्या हळुवार शैलीची, गिटार कानावर पडली, आणि याने अकॉर्डियन ठेवून गिटार उचलली.

शिक्षण घेतलं व्यवसाय व्यवस्थापनाचं. १९६५ मध्ये साओ पाउलोला जेसी लीव्हरमध्ये नोकरीला लागला, म्हणजे आपल्या हिंदुस्तान लीव्हरची तिकडची बहीण. दिवसा ऑफिस, रात्री गाणी. त्याआधी १९६४ मध्ये साल्वादोरच्या व्हिला वेल्या नाट्यगृहात काएतानो वेलोझो, त्याची बहीण मारिया बेथानिया, गाल कोस्ता, टॉम झे अशा विशीतल्या मुलामुलींबरोबर एक कार्यक्रम केला होता. एकाच राज्यातली, पुढे देशभर गाजलेली एवढी माणसं एकाच रात्री एका मंचावर होती, हे आज वाचतानासुद्धा अंगावर काटा येतो.

त्याच्याबद्दल कुठेही वाचा, 'अष्टपैलू' हा शब्द हटकून येतो. बायांव, बोसा नोव्हा, सांबा, रॉक, रेगे, आफ्रिकी ठेके, डिस्को, सगळं केलं. शिवाय देशाचा सांस्कृतिक मंत्रीही झाला. पण मला वाटतं, तो आयुष्यभर एकच काम करत आला आहे. गावकुसाबाहेरचं संगीत उचलायचं, त्या दिवशीचं सगळ्यात नवं यंत्र उचलायचं, आणि दोघांना एकाच पाटावर बसवायचं. माणसं बदलली, यंत्रं बदलली, काम तेच राहिलं.

याचं मूळ १९६७ मध्ये आहे. त्या वर्षी तो कार्यक्रमांसाठी रेसिफेला गेला होता. तिथल्या मुक्कामात त्याने करुआरू या गावच्या बासरीवाल्यांचं पथक ऐकलं. बांबूच्या पावा, ढोल, झांज, अगदी गावजत्रेचं संगीत. त्याच दिवसांत बीटल्सच्या नव्या तबकड्याही त्याच्या कानात घुमत होत्या. साओ पाउलोला परतला तो हे दोन्ही एकत्र आलंच पाहिजे असं म्हणत. मित्रांच्या बैठका घेऊन पटवून देऊ लागला. काहींना पटलं, बऱ्याचजणांना नाही.

त्याच ऑक्टोबरात टीव्ही रेकॉर्ड वाहिनीचा गाण्यांचा महोत्सव होता. जिलने 'दोमिंगो नो पार्के' आणलं. रोजेरिओ दुप्राने ऑर्केस्ट्रा लिहिला, मुतान्तेस नावाच्या कोवळ्या पोरांचं रॉक पथक इलेक्ट्रिक गिटारी घेऊन शेजारी, आणि या सगळ्यात बेरिंबाऊ, म्हणजे कापोएरा हा नाचासारखा लढतीचा खेळ खेळताना वाजवतात ते भोपळ्याचं एकतारी धनुष्य. अंतिम फेरीच्या दिवशी जिल इतका घाबरला होता की हॉटेलात अंथरूण धरून पडला. वाहिनीच्या माणसाने जाऊन त्याला उठवून आणलं. गाण्याला दुसरा क्रमांक मिळाला.

पुढचं प्रतिसादांत लिहिते. ज्यांनी ऐकलंय त्यांनी भर घाला.

म्हापशेकर

ताई, धागा काढलात, बरं वाटलं. माझ्या आजीचं शिक्षण पोर्तुगीजमधून झालं होतं. तिच्याकडून उचललेल्या तुटपुंज्या भाषेवर मी ही गाणी ऐकतो.

उच्चाराचं आधी सांगतो. ब्राझीलमध्ये शब्दाच्या शेवटचा 'ल' जवळजवळ 'उ' होतो आणि सुरुवातीचा 'ज' झुळझुळीत असतो. त्यामुळे तिकडचे लोक त्याला 'झिउ' म्हणतात. आजीच्या उच्चारात मात्र तो स्वच्छ 'झिल' असायचा, कारण आमच्याकडे आली ती लिस्बनची पोर्तुगीज.

'दोमिंगो नो पार्के'ची गोष्ट कुणी सांगितली नाही, म्हणून सांगतो. दोन मित्र. एक बाजारात काम करतो, थट्टेखोर. दुसरा बांधकामावर, मारामारीत पुढे. नावं जोझे आणि जुआंव. आमच्या गावात हाक मारली तर प्रत्येक नावाला चार माणसं ओ देतील. दोमिंगो म्हणजे रविवार, आणि आमच्याकडे दुमिंग नावाचेही आहेतच. तर एका रविवारी जुआंव भांडायला न जाता ज्युलियानाला घेऊन बागेत जातो. जोझेही तिथे येतो आणि पाळण्यात बसलेल्या त्या दोघांना पाहतो. तिच्या हातात गुलाब आणि आईस्क्रीम. ती मुलगी जोझेच्याही मनात असते. पाळणा फिरतो, गुलाब फिरतो, आईस्क्रीम फिरतं, सुरी फिरते. शेवटी दोन प्रेतं. दुसऱ्या दिवशी बाजार नाही, बांधकाम नाही.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा शब्द कळले नाहीत तरी चालेल. सुरी निघते तिथे ऑर्केस्ट्रा काय करतो, तेवढं ऐका. मला ते गाणं कमी आणि दशावतारी खेळातला शेवटचा प्रवेश जास्त वाटतं.

त्रिताल_मध्यलय

वा! थोडं तांत्रिक लिहू का? मी तबला शिकवतो, पण या संगीताची ओढ जुनी आहे.

बायांवचा ठेका आठ मात्रांचा धरला तर त्याची फोड तीन-तीन-दोन अशी पडते. ढोलाची जाड बाजू हे वजन धरते आणि त्रिकोण मधल्या सगळ्या मात्रा न चुकता भरत राहतो. हाताने टाळी देऊन पाहा, दोन मिनिटांत पाय हलायला लागतात.

दुसरी गोष्ट स्वरांची. ईशान्य ब्राझीलच्या या लोकसंगीतात कोमल निषाद फार येतो. बाकी सगळे शुद्ध, म्हणजे सरळ खमाज थाट. काही चालींत कोमल निषादाबरोबर तीव्र मध्यमही येतो. ते ऐकून मी पहिल्यांदा दचकलो होतो, कारण ही स्वरावली म्हणजे आपला वाचस्पती. राग नव्हे, नुसते स्वर. पण करुआरूच्या पाव्यावर ते स्वर ऐकले की वाटतं, हे आपल्याला परकं नाही.

नवशिकी

मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू? एकच अल्बम सांगा.

सांजवारा

@नवशिकी: 'एक्स्प्रेसो २२२२', साल १९७२. तो अल्बम सुरू होतो जिलच्या आवाजाने नाही, करुआरूच्या त्या बासरीवाल्यांनी. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी त्याला हलवलं होतं त्यांना त्याने दारात उभं केलं आणि मग स्वतः आत गेला. शीर्षकगीतातली गिटार नीट ऐका. उजव्या हाताच्या अंगठ्यात अख्खा ढोल आहे.

पण त्या अल्बमआधी काय घडलं ते माहीत असायला हवं.

ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्करी राजवट होती. १९६८ मध्ये जिल, काएतानो, गाल कोस्ता, टॉम झे, मुतान्तेस, दुप्रा यांनी मिळून 'त्रोपिकालिया' हा सामूहिक अल्बम काढला. उजव्यांना ते बंडखोर वाटले, डाव्या विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या कच्छपी लागलेले. दोन्हीकडून शिव्या. १३ डिसेंबर १९६८ ला राजवटीने पाचवा संस्थात्मक कायदा आणला आणि नागरी हक्कच गुंडाळले. दोन आठवड्यांनी, २७ डिसेंबरला, जिल आणि काएतानोला साओ पाउलोमधून उचललं. रिओच्या लष्करी बराकींत ठेवलं, डोकी भादरली. आरोपपत्र नाही, खटला नाही.

कोठडीत जिलला एक गिटार मिळाली. तिच्यावर त्याने काही गाणी केली, त्यातलं एक 'सेरेब्रो एलेत्रोनिको', म्हणजे इलेक्ट्रॉनिक मेंदू. तो मेंदू सगळं करतो, हुकूम देतो, पण बोलत नाही. रडणं आणि मरण माझ्याकडेच आहे, असं गाणारा म्हणतो. १९६९ साल, लष्कराची कोठडी, आणि हा माणूस संगणकावर विचार करतोय!

फेब्रुवारीत सोडलं, पण साल्वादोरबाहेर जायचं नाही, जाहीर कार्यक्रम करायचे नाहीत. शेवटी देश सोडा म्हणून सांगितलं. तिकिटाच्या पैशांसाठी जुलै १९६९ मध्ये साल्वादोरच्या कास्त्रो आल्व्हेस नाट्यगृहात दोन दिवस कार्यक्रम करायची तेवढी परवानगी मिळाली. निरोपाचं गाणं 'आकेले आब्रासो', म्हणजे 'ती घट्ट मिठी'. इतका आनंदी सांबा की न सांगता कुणाला कळू नये, हा हद्दपार होणारा माणूस गातो आहे. रिओच्या उपनगरांची नावं घेतो, फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांना सलाम करतो, आणि त्यात हळूच रेआलेंगोचं नाव येतं, त्याच्या तुरुंगवासाशी जोडलेल्या भागाचं. गाणं देशभर गाजलं तेव्हा तो लंडनला होता. या गाण्याला रिओच्या संग्रहालयाचा पुरस्कार जाहीर झाला, तो त्याने नाकारला.

जानेवारी १९७२ ला परत आला. आता 'एक्स्प्रेसो २२२२' लावा.

कडकलक्ष्मी

लेख आवडला. पण एक मुद्दा राहून गेला आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

१७ जुलै १९६७ ला साओ पाउलोत एक मोर्चा निघाला होता. ब्राझीलच्या संगीतात इलेक्ट्रिक गिटार नको, यासाठी. पुढे तेव्हाची लोकप्रिय गायिका एलिस रेजिना होती, आणि त्या मोर्चात जिलही चालत होता. काएतानो आणि गायिका नारा लेआंव हॉटेलच्या खिडकीतून तो मोर्चा पाहत होते आणि दोघांनाही तो भीतिदायक वाटला. तीन महिन्यांनी हाच जिल इलेक्ट्रिक गिटारवाल्या पोरांना घेऊन मंचावर. हे 'आयुष्यभर एकच काम' मध्ये कसं बसवणार?

आणि ऐंशीच्या दशकातले अल्बम? ड्रम मशीन, सिंथेसायझर. त्यात गावकुसाबाहेरचं काय आहे? मला तो काळ ऐकवत नाही. माणूस मोठा आहे म्हणून त्याचं सगळंच मोठं, असं करू नये.

सांजवारा

कडकलक्ष्मी, मोर्चाचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी टाळलं नव्हतं, पण लिहायला हवं होतं. तो एलिसवरच्या मायेपोटी गेला, हे त्याने नंतर सांगितलेलं आहे. तिने त्याचं 'लोउवासांव' गाऊन त्याचं नाव घरोघर नेलं होतं. मला त्यात ढोंग दिसत नाही. करुआरू मे महिन्यात, मोर्चा जुलैत, महोत्सव ऑक्टोबरात. त्या मधल्या दिवसांत हा माणूस आतून किती ओढला गेला असेल! आणि महोत्सवाच्या दिवशी अंथरूण का धरलं, तेही मला तिथेच कळतं. ज्यांच्याबरोबर चालला होता त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं होतं.

ऐंशीच्या दशकाचं नंतर बोलू. त्याआधीची तीन नावं पाहा: 'रेफाझेंदा' १९७५, 'रेफावेला' १९७७, 'रेआल्से' १९७९. पहिल्या दोन नावांत 'रे' म्हणजे 'पुन्हा'. फाझेंदा म्हणजे शेतवाडी, आणि रेफाझेर म्हणजे पुन्हा करणं. दोन्ही एका शब्दात. 'रेफाझेंदा'त तो अकॉर्डियनकडे परतला, पण वाजवायला बोलावलं दोमिंगिन्योसला, लुईझ गोन्झागाच्या तालमीत वाढलेल्या वादकाला. दोमिंगिन्योसच्या एका चालीवर जिलने शब्द लिहिले, ते 'लामेन्तो सेर्तानेजो'. झुडपी माळावरून महानगरात आलेला माणूस, कळपातून चुकलेल्या गुरासारखा गर्दीत चालतो आहे. माझे आजोबा माणदेशातून गिरणीत कामाला आले होते. ते घरातही फार बोलायचे नाहीत. हे गाणं मी पहिल्यांदा शब्दांसकट समजून घेतलं त्या दिवशी मला त्यांचं न बोलणं कळलं.

'रेफावेला'ची गोष्ट वेगळी. १९७७ च्या सुरुवातीला नायजेरियात लागोसला जगभरच्या आफ्रिकी वंशाच्या कलाकारांचा मोठा महोत्सव झाला. जिल तिथे महिनाभर राहिला. कलाकारांसाठी नव्या बांधलेल्या वसाहतीची घरं पाहून त्याला ब्राझीलच्या सरकारी गृहवसाहती आठवल्या, फावेलातल्या, म्हणजे झोपडपट्टीतल्या, लोकांना हलवून जिथे ठेवलं होतं त्या. परत येऊन केलेला हा अल्बम. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच.

म्हापशेकर

१९७३ राहिलं. साओ पाउलोला एका रेकॉर्ड कंपनीचा मोठा कार्यक्रम. जिल आणि गीतकार-गायक शिको बुआर्के यांनी मिळून 'कालिसे' लिहिलं होतं. कालिसे म्हणजे ख्रिस्ताच्या हातातला प्याला. हे पात्र माझ्यापासून दूर कर, असं तो बापाला विनवतो, ती गुड फ्रायडेची प्रार्थना. पण हाच शब्द कानाने ऐकला तर 'काले-से' होतो, म्हणजे 'गप्प बैस'. शब्द लिहून पाहणाऱ्याला तो प्याला दिसतो आणि ऐकणाऱ्याला हुकूम ऐकू येतो. सेन्सॉरने शब्द अडवले होते, म्हणून त्यांनी मंचावर नुसती चाल आणि तो एकच शब्द गायचा ठरवला. गाऊ लागले तर ध्वनिक्षेपक एकेक करून बंद झाले. तबकडीवर ते गाणं १९७८ मध्ये आलं, शिको आणि मिल्टन नासिमेन्तोच्या आवाजात.

आमच्याकडे गुड फ्रायडेला ही प्रार्थना वाचली जाते. तेव्हापासून मला ती दोन अर्थांनी ऐकू येते.

साओपाउलोकर

दोन आठवडे इथे डोकावतोय, आज लिहितो. मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे अकरा वर्षं साओ पाउलोत.

भारताशी खरा धागा आहे तो कुणी मांडला नाही. साल्वादोरच्या बंदरातल्या हमालांनी १९४९ च्या कार्निव्हलसाठी एक पथक काढलं. गांधीजींचा खून होऊन एकच वर्ष झालं होतं. नाव ठेवलं 'फिल्योस दे गांधी', गांधींची लेकरं. पथक आहे आफोशे प्रकारचं, म्हणजे कांदोंब्ले या आफ्रिकी उपासनेतलं संगीत रस्त्यावर आणणारं. पांढरे झगे, डोक्याला टॉवेलचा फेटा, गळ्यात पांढऱ्या-निळ्या मण्यांच्या माळा. ठेका इजेशा. त्यात आगोगो नावाची दोन सुरांची लोखंडी घंटा वाजत राहते. फार शांत ठेका आहे. कार्निव्हलच्या कानठळ्यांत हा पांढरा प्रवाह येतो तेव्हा लोक आपोआप बाजूला होतात.

मी एकदा साल्वादोरला जाऊन पाहिलं. हजारो माणसं. माझा चेहरा बघून एका म्हाताऱ्याने विचारलं, कुठचा? भारत म्हटल्यावर त्याने गळ्यातली एक माळ काढून माझ्या गळ्यात घातली. बोलला काहीच नाही. ती माळ अजून माझ्याकडे आहे.

यात जिलचा भाग असा: हद्दपारीतून परतल्यावर त्याला दिसलं की हे पथक जवळजवळ मोडलं आहे. लहानपणी पाहिलेली ती पांढरी रांग आता मूठभर माणसांवर आली होती. तो स्वतः त्यात सामील झाला, त्यांच्यासाठी गाणं केलं, लोकांना बोलावलं. गायक जोर्जे बेनबरोबरच्या १९७५ च्या अल्बममध्ये ते गाणं आहे, बरंच लांब आणि मोकळं. त्यात तो एकेका ओरिशाला, म्हणजे देवतेला, हाक मारतो: ओमोलू, ओगुं, ओशुं, या, खाली उतरा, गांधींची लेकरं बघा.

त्रिताल_मध्यलय

साओपाउलोकर, हे वाचून थांबलो आणि गाणं लावून पुन्हा वाचलं. अहो, हा तर गोंधळ! आपल्याकडे गोंधळी संबळावर उभा राहून गावोगावच्या देवांना एकेक नाव घेऊन आवतण देतो, अमक्याची भवानी गोंधळा ये, तमक्याचा खंडोबा गोंधळा ये. रचना तीच. नावं घेत जायची, ठेका धरून ठेवायचा, आणि नावांच्या रांगेनेच अंगात चढत जायचं. चाल बांधलेली नसते, नावं बांधलेली असतात.

कुणाकडून कुणी घेतलं असं मी म्हणत नाही. देवाला बोलवायची माणसाची रीत बहुधा हीच असावी.

कडकलक्ष्मी

हे फार सुंदर लिहिलंत दोघांनी. हे पथक पुरुषांचंच आहे, हे मात्र नोंदवून ठेवते.

आता मंत्रिपदाबद्दल कुणीतरी स्वच्छ बोला. २००३ ते २००८. ज्या सरकारांनी याला तुरुंगात टाकलं त्याच इमारतींत जाऊन बसला. मंत्री असताना मैफलीही करत होता. मला कलाकार सत्तेत गेला की भीती वाटते. आपल्याकडचे अनुभव आठवा.

साओपाउलोकर

ताई, इमारती त्याच, सरकार मात्र निवडून आलेलं होतं, राष्ट्राध्यक्ष लुलाचं. हा फरक मोठा आहे. आणि राजकारण त्याला नवं नव्हतं, १९८८ मध्ये तो साल्वादोरचा नगरसेवक म्हणून निवडून आला होता. मैफलींचं त्याने पद घेतानाच बोलून ठेवलं होतं, मंत्र्याच्या पगारात माझं भागणार नाही. त्यावर इथे टीका झालीच.

काम काय केलं? पद घेतानाच्या भाषणात त्याने 'दो-इन'चा दाखला दिला. ती जपानी पद्धत आहे, शरीरावरचे ठरावीक बिंदू दाबून चेतना जागवायची. देशाच्या अंगावरही असे बिंदू आहेत, सरकारने ते दाबायचे, असं त्याचं म्हणणं. त्यातून २००४ मध्ये 'पोन्तोस दे कुल्तुरा', संस्कृतीचे बिंदू, ही योजना आली. सरकार नवं सभागृह बांधत नाही. वस्तीत आधीच कुणी नाच शिकवतंय, कुणी कठपुतळ्या करतंय, कुणी रॅप लिहितंय, अशा गटाला निवडून थेट पैसे आणि ध्वनिमुद्रण-चित्रीकरणाचं साहित्य द्यायचं, खुल्या सॉफ्टवेअरसह. म्हणजे गावातल्या पाव्यावाल्याने स्वतःच आपलं मुद्रण करावं. माझ्या शेजारच्या वस्तीत असा एक गट होता. मी गेलो तेव्हा पैशांचे हप्ते वेळेवर येत नाहीत, कागदपत्रांत जीव जातो, ही तक्रार तिथली बाई पोटतिडकीने करत होती. आणि त्याच संगणकावर मुलं गाणं मिसळत बसली होती. दोन्ही खरं आहे.

त्याच्याच काळात, २००५ मध्ये, बाहियाच्या गोल धरून नाचायच्या मूळ सांब्याला युनेस्कोची मान्यता मिळाली. दृकश्राव्य माध्यमांसाठी नवी नियामक संस्था आणायचा प्रयत्न मात्र मोठ्या माध्यमांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. तो पराभवच होता.

सांजवारा

यात एक प्रसंग जोडते. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर बॉम्बहल्ला झाला, त्यात सेर्जिओ व्हिएरा दे मेल्लो हे ब्राझीलचे अधिकारी गेले. महिन्याभराने न्यूयॉर्कला आमसभेच्या सभागृहात त्यांच्या आणि इतर मृतांच्या स्मरणार्थ जिलने मैफल केली. शेवटी त्याने सरचिटणीस कोफी अन्नान यांना मंचावर बोलावलं आणि अन्नान ढोलावर साथीला बसले. त्याचं चित्रण जरूर शोधून पाहा. अन्नान घाईत नाहीत, ठेका पकडून वाजवताहेत.

आणि ऐंशीचं दशक. कडकलक्ष्मी, तुमचं अर्धं मान्य. काही अल्बमांतले सिंथेसायझर मलाही रुचत नाहीत. पण 'नांव शोरे माइस' पाहा, १९७९ चं. बॉब मार्लेच्या गाण्याचं त्याने केलेलं पोर्तुगीज रूप. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये राजकीय कैद्यांना आणि परागंदा झालेल्यांना माफी देणारा कायदा झाला. 'आता रडू नकोस' हे शब्द विमानतळांवर उभ्या असलेल्या आयांच्या तोंडी बसले. रेगे हे त्याला नुसतं चवीपुरतं नव्हतं. १९८० मध्ये जमैकाचा रेगे गायक जिमी क्लिफबरोबर दौरा केला, पुढे जमैकात जाऊन मार्लेच्या वेलर्स पथकाबरोबर मुद्रण केलं, २००२ मध्ये मार्लेच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला.

यंत्राचं म्हणाल तर कोठडीतल्या त्या मेंदूची पुढची पायरी १९९६ ला आली: 'पेला इंटरनेट', म्हणजे 'इंटरनेटवरून'. नाव घेतलं १९१६ च्या 'पेलो तेलेफोने'वरून, म्हणजे 'टेलिफोनवरून', जो पहिला नोंदलेला सांबा मानतात. ते गाणं त्याने त्या डिसेंबरात इंटरनेटवर थेट गाऊन प्रसारित केलं. आपल्याकडे तेव्हा इंटरनेट नुकतं कुठे सुरू झालं होतं. 'क्वांता' या १९९७ च्या अल्बममध्ये ते आहे, आणि त्याच मैफलींच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं.

नवशिकी

'एक्स्प्रेसो २२२२' तीनदा ऐकला. पहिल्यांदा पाव्यांच्या जागी थांबले, वाटलं चुकीचं काही लावलं. तिसऱ्यांदा तेवढ्यासाठीच लावला. नंतर 'द्रांव' नावाचं गाणं आपोआप लागलं, ते कशाबद्दल आहे? शब्द कळले नाहीत पण मला एकदम भरून आलं.

म्हापशेकर

द्रांव हे सांद्राचं लाडाचं नाव. सांद्रा गादेल्या, त्याची त्या वेळची बायको. दोघं वेगळी होत होती तेव्हा, १९८१-८२ च्या सुमाराला, हे गाणं झालं. त्यात तो म्हणतो, प्रेम म्हणजे दाणा. रुजायचा तर आधी मातीत मरावा लागतो. कुणाला दोष दिलेला नाही. नात्याच्या शेवटावर लिहिलेलं इतकं मायेचं गाणं मला दुसरं माहीत नाही. या दोघांची मुलं पेद्रो, प्रेता आणि मारिया. पेद्रो ड्रम वाजवायचा, वडिलांच्या पथकात होता. १९९० मध्ये अपघातात गेला.

साओपाउलोकर

प्रेताचं मी सांगतो, कारण ते मी पाहिलं.

२०२५ मध्ये जिलने निरोपाचा दौरा काढला, 'तेंपो रेई', काळ हाच राजा. मार्चमध्ये साल्वादोरहून सुरू झाला. एप्रिलमध्ये साओ पाउलोला पाल्मेइरासच्या फुटबॉल मैदानावर मैफली होत्या, मी २६ तारखेच्या मैफलीला गेलो. सोबत माझ्या ऑफिसमधला एक मित्र आणि त्याची आई. ती बाई ईशान्येकडच्या पर्नांबुको राज्यातल्या दुष्काळी गावातून साठच्या दशकात ट्रकवर बसून इथे आली होती. वय तिचंही जिलएवढंच. खुर्ची मिळाली होती, पण ती बसली नाही.

जिलचा आवाज आता पूर्वीचा नाही. वरच्या सुरांवर तो आता जात नाही, बाजूने वळसा घालतो, आणि तिथे मैदान त्याच्यासाठी गातं. मुलं, नातवंडं पथकात वाजवत होती. अकॉर्डियन निघालं तेव्हा मित्राच्या आईने माझा दंड धरला.

मग प्रेता आली. तिला आतड्याचा कर्करोग होता, उपचार चालू होते, सगळ्या देशाला ठाऊक होतं. बापाशेजारी बसली आणि दोघांनी 'द्रांव' म्हटलं. तिच्या आईसाठी केलेलं गाणं, तिच्या आईवडिलांच्या वेगळं होण्याचं. जिल गिटारीवर मान खाली घालून वाजवत होता, मध्ये एकदा थांबला, डोळे पुसले आणि पुन्हा त्याच जागेवरून उचललं. पन्नासेक हजार माणसं, आणि त्या थांबण्यात कुठूनही आवाज आला नाही.

२० जुलैला प्रेता गेली. ५० वर्षांची होती.

मैदानातून बाहेर पडताना मित्राची आई मेट्रोच्या जिन्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. जिन्यावर थांबून म्हणाली, माझ्या घरी चला, भूक लागली असेल. रात्री एक वाजता तिने आम्हाला राजमा आणि कसाव्याचं पीठ परतून वाढलं. वाढताना ती गुणगुणत होती, जिलचं नाही, लुईझ गोन्झागाचं.

सांजवारा

साओपाउलोकर, वाचलं. आज एवढंच लिहिते.

त्रिताल_मध्यलय, पेटीवर 'लामेन्तो सेर्तानेजो' बसवायला घेतलं आहे. भाता आणि चाल यांचं जमत नाही, अकॉर्डियनचा श्वास लांब असतो. शनिवारी मंडळाच्या तालमीनंतर वेळ असेल तर ठेक्याचं नीट सांगाल का?

त्रिताल_मध्यलय

शनिवारी सहानंतर मोकळा आहे. फोनवर नको, ध्वनिमुद्रण करून इथेच टाकतो, सगळ्यांना ऐकता येईल. तोवर भाता अर्धाच ओढून पाहा.